दारापुढचं प्लास्टिकचं कमळ

सोमवार, १७ फेब्रुवारी २०२५

सकाळी सात वाजून दहा मिनिटं. महांतेशरावांनी शरणम्माच्या हातातला तांब्या काढून घेतला. आमच्या कॉलनीचे अध्यक्ष! आणि ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई स्वतःच्या दारात सडा घालत होती.

"मावशी, शाश्वत वसाहत स्पर्धेची तपासणी हाय. पाणी सांडलं की मार्क कटतात."

"चार तांबे पाणी, अप्पा!"

मी मधे पडले. "तुमची कार नळीनं धुता तेव्हा मार्क झोपलेले असतात का?"

"उमाताई, तुम्ही कॉन्व्हेंटला शिकलेल्या. तुम्ही तरी समजून घ्या."

समजलं म्हणूनच तर बोलले!

बुधवार, १९ फेब्रुवारी

तपासणीला नांदेडहून वर्षाराणी नावाची पोरगी आली. गोड आहे. सोलर बघितलं, खताचा खड्डा बघितला, मग मला विचारलं — "शेजाऱ्यांचे संबंध? चांगले, बरे, की वाईट?"

तिला म्हटलं, समोर शरणम्मा एकटी, इकडे मी एकटी. सकाळी तिची रांगोळी पडते. रेघ वाकडी आली तर गुडघा दुखतोय. पडलीच नाही, तर मी जाऊन दार वाजवते. लातुरात रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यातही तिनं नुसता ओला हात फिरवून रांगोळी काढली होती.

पोरीचं पेन थांबलं. "आँटी, लई भारी आहे हे. पण ह्याला रकाना नाही."

"मग पाड एक!"

"मला अधिकार नाही ना."

रविवार, २ मार्च

कॉलनीच्या समितीनं दारोदार रांगोळीचे स्टिकर चिकटवले. गुलाबी कमळ. प्लास्टिकचं. शाश्वत!

शरणम्मा कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "उमाक्का, आता सकाळी उठून करू काय मी?"

मंगळवार, ११ मार्च

सगळी लेन एका साच्यातली. कोण आजारी, कोण गावाला गेलं — काही कळत नाही.

शनिवार, २६ एप्रिल

 

शरणम्मा काल सकाळी न्हाणीत पडली. आज दुपारी सापडली. ऊन असं, की आमचं संध्याकाळचं ओसरीवर बसणंही बंद होतं. मी तिच्या दारावरून दोनदा गेले — एकदा दुधाला, एकदा भाजीला. कमळ अगदी ताजंतवानं!

उदगीरहून तिच्या मुलीचा, सुकन्याचा फोन आला. "मावशी, आई फोनच उचलेना." दार तोडलं.

शुद्धीत होती. म्हणाली, "हाका मारल्या गं, उमाक्का."

एवढंच.

गुरुवार, १ मे

गेली.

डॉक्टर म्हणाले, "जरा आधी आणलं असतं तर —"

विभूती लावून बसवून नेलं तिला, त्यांच्या लिंगायत रीतीनं. मांडी घालून बसली होती, माझ्या ओसरीवर बसायची तशीच. फक्त बोलत नव्हती.

सुकन्या माझ्या गळ्यात पडून रडली. "मावशी, तुम्ही समोर होत्या म्हणून मी निर्धास्त होते."



बुधवार, ७ मे

महांतेशराव भेटायला आले. "वय झालं होतं, उमाताई."

वय माझंही झालंय. चहा विचारला नाही.

शनिवार, १४ जून

कॉलनीचा पहिला नंबर. मंडप, शाली, फोटो. आधी शरणम्मासाठी दोन मिनिटं मौन, मग पेढे! सुकन्यालाही मुद्दाम बोलावलेलं, आईच्या नावानं शाल द्यायला.

महांतेशराव माईकवर — "सामाजिक भागात आपल्याला पैकीच्या पैकी! का? तर आपल्याकडं एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची रोज सकाळी दार वाजवून चौकशी होते. हे आपण तपासणीत सांगितलं. अन् ती जबाबदारी फेब्रुवारीपासून कोणाकडं हाय? आपल्या उमाताईंकडं! टाळ्या!"

टाळ्या पडल्या. मला ऐकू आलं ते खरं वाटेना.

पहिल्या रांगेतली सुकन्या वळली. माझ्याकडे बघितलं. शाल खुर्चीवर ठेवून निघून गेली.

रविवार, १५ जून

सुकन्या फोन उचलत नाही.

उद्या देण्याचा मजकूर: महांतेशराव, ही जबाबदारी मला कोणी, कधी, कोणासमोर दिली? शनिवार, २१ जून, सायंकाळी पाचच्या आत लेखी उत्तर द्या. सहीनिशी. आणि पहिली प्रत मला नको — सुकन्याला पाठवा.