पेस्तनशेट की वॉल्टर?

६ ऑक्टोबर १९६७, शुक्रवार

आग लागो त्या टेबलाला! वर हिरवं कापड, रंगीत गोळे, काठीने ढोसून भोकात घालायचे — पूल म्हणे. त्याच्यापायी माझ्या शहनाझचं लग्न मोडलं!

यूनुसभाई नि रुकय्याभाभी दुपारी जेवायला आले होते. रमजानच्या आधीची निकाहची तारीख धरायची होती. माझा सख्खा भाऊ, त्याचाच मुश्ताक जावई — आणखी काय हवं? सुरमईचं कालवण वाढलं नि भाई म्हणाला, मुंबईच्या पेस्तनशेटसारखा खेळाडू जगात झाला नाही. बिलियर्ड घ्या, स्नूकर घ्या, पूल घ्या!

हे लगेच — “हट्! आमच्या कंपनीचा वॉल्टर डाव्या हाताने हरवेल त्याला.”

भाई हसला. हे नाही हसले. “तुमच्या पेस्तनशेटला चहा प्यायला येतो, नि तुम्हाला फुशारक्या मारायला.” माझ्या भावाला! माझ्या घरात!

भाई दस्तरखानावरून उठला. “खलास! या घरातली मुलगी मला नको.”

७ ऑक्टोबर

भाभीने मंगनीची अंगठी परत मागवली. शहनाझ खाली मान घालून भांडी घासतेय. बिचारी!

ह्यांना विचारलं, काठी कधी हातात धरलीत? गोऱ्या साहेबांच्या क्लबात आपल्या माणसांना घेत नाहीत, खिडकीतून बघता! म्हणाले, “खिडकीतून चांगलं दिसतं.” डोकंच फिरलं माझं. हा माणूस आजवर कुणाशी भांडला नाही — नि भांडला तो माझ्या भावाशी!

११ ऑक्टोबर

बोलणं बंद. चहा आदळून देते.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

ह्यांना न सांगता अब्र्याच्या होडीत बसून खाडीपलीकडे देऱ्याला गेले, भाईच्या घरी. पदर पसरला. खोटंही बोलले — ह्यांनी माफी मागितलीय, पण तोंड दाखवायची लाज वाटते. अल्ला माफ करो. भाई विरघळला. “खैरू, मी काय परका आहे?” पुढच्या जुम्म्याला निकाह. अंगठी पदराला बांधून आणली.

१४ ऑक्टोबर

शहनाझला अंगठी दाखवली. ती म्हणाली, “अम्मी, हे काय केलंस! मुश्ताकला मी जन्मभर भाई म्हणत आले. मला नाही करायचं हे लग्न. अब्बांना सांगितलं होतं मी.”

मग मला का नाही सांगितलंत?

“अब्बा म्हणाले, मुलगी नको म्हणते असं मामूला कळलं तर तुझं नाव खराब होईल. तुझ्या अम्मीचं माहेर तुटेल. खेळावरून भांडलो तर लोक मलाच वेडा म्हणतील. तू गप्प राहा.”

आठवडाभर माझ्या शिव्या खाल्ल्या या माणसाने.

१५ ऑक्टोबर

पुन्हा देऱ्याला गेले. भाईने हसून हलव्याची बशी पुढे केली. अंगठी तिच्या शेजारी ठेवली. म्हटलं, माफीबिफी कुणी मागितली नाही. तुझ्या त्या पेस्तनशेटला काठी धरता येत नव्हती, नि तुला खेळातलं ओ का ठो कळत नाही.

भाईने बशी मागे ओढली. मग म्हणाला, “पुन्हा या घरात पाऊल टाकू नकोस, खैरू.”

बरं, म्हटलं.