काळी पाच

भोकरदन, शनिवार, संध्याकाळ

आज आमच्या बारावीचा निरोप समारंभ झाला. प्रणाली गायली, पेटीवर मी. ती काळी चारच्या पट्टीत गाते, हे माझ्याइतकं कुणालाच माहीत न्हाई. मी एक काळी पट्टी वर, काळी पाचचा सूर दिला. चुकून न्हाई. काल सर सगळ्यांसमोर म्हणाले होते, "गळा प्रणालीचा. पेटीला काय, कुणीपण चालतं."

मंग बघाच म्हटलं.

मुखडा निघाला. अंतऱ्यात वर जाताना तिचा आवाज फाटला. मागच्या बाकांवरची पोरं हसली. तिनं माझ्याकडे पाह्यलं. मी काळी पाच सोडली न्हाई, उलट भाता जोरात मारला. मजा आली का? आली. इथं खोटं कशाला लिहू?

नंतर तिला तिच्या गावच्या, धावड्याच्या बसमध्ये बसवायला गेले. खिडकीतून म्हणाली, "माझाच गळा बसला गं स्वाते. तू होतीस म्हणून निभावलं." मी म्हणाले, "होतं गं असं." तिनं गाण्यांची वही माझ्या हातात कोंबली. "तूच ठेव. मी आता न्हाई गाणार."

घरी येऊन वही उघडली. आजच्या गाण्याखाली पेन्सिलनं लिहिलंय, "घाबरायचं न्हाई. सूर स्वाती बराबर देते."