मी रुक्मिणीचा भाऊ नव्हे

कुंभकोणम्, गुरुवार दुपार

तीर्थरूप त्रिपुरसुंदरी आत्यास,

त्रिविक्रमाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का, काकांची साखर उतरली का, ते सविस्तर कळव. माझं विचारशील तर मंगळवारी सकाळी सव्वानऊपर्यंत फार छान चाललं होतं. सव्वानऊला मी श्रीविद्येच्या ओंजळीत लाह्या ओतल्या, आणि त्या घटकेपासून मी गावात तोंड दाखवायच्या लायकीचा उरलो नाही. (फोनवर निरोप पाठवला असता, पण तुझा फोन घरातलं कोणीही उचलतं, आणि मठाच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप गटातून मला काल काढून टाकलंय. म्हणून कागद.)

तू यंदा गुडघ्यामुळे आली नाहीस, म्हणून पहिल्यापासून सांगतो. आपल्या मठातलं रुक्मिणीकल्याण तुला मी काय सांगावं. इथली घरं वधूकडची आणि तुम्ही तंजावरकर वराकडचे, हे तुझ्या सासऱ्यांच्या आधीपासूनचं. होमाच्या वेळी रुक्मिणीच्या वतीनं एक कुमारी बसते आणि रुक्मिणीचा भाऊ तिच्या ओंजळीत लाह्या घालतो, त्या ती अग्नीत सोडते. हा भावाचा मान अकरा वर्षं आपल्या मंडळाच्या अध्यक्षांच्या, म्हणजे बदरीनाथमामांच्याच घरात. (मामा गावात कोणाचेच सख्खे नव्हेत, सगळ्यांचे आहेत, म्हणूनच निवडून येतात.) मागच्या महिन्यात सभेत मी झांजांच्या पेटीवर हात आपटून विचारलं की दुसऱ्या घरांत मुलगे जन्मलेच नाहीत का. मला वाटलं मामा भडकतील. मामा हसले. म्हणाले, तरुणांनी पुढं यावं हेच तर मी सांगत असतो; यंदा त्रिविक्रमच. टाळ्या पडल्या. तेवढ्या टाळ्यांतच ते म्हणाले की रुक्मिणीच्या जागी कृष्णमूर्तींची श्रीविद्या बसेल. आत्या, मी दोन अधिक दोन करू शकतो, इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षी सोडलं असलं तरी. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात एवढंच आलं की ती समोर बसणार आणि मी तिच्याकडे उघड उघड बघू शकणार. स्वामीमलैच्या मूर्तींच्या कारखान्यात, कामावर, त्या आठवड्यात मी मेणाच्या एका नटराजाला पाच पाय केले.

मंगळवारी लाह्या ओतल्या, तुमची माणसं जेवून साडेबाराच्या बसनं परत गेली, आणि इकडे पायसम वाढायच्या आधी मामांनी माइक हातात घेतला. आज अग्नीसमोर आमच्या श्रीविद्येला भाऊ मिळाला, म्हणाले, आणि माझ्या खांद्यावर जरीकाठी धोतर घातलं. मग खिशातून तिची कुंडली काढली. भाऊ आहे तर बहिणीची कुंडली वरपक्षाकडे पोचती करायचं काम भावाचंच. वरपक्ष म्हणजे कोण, तर चेन्नईचा अरुणकुमार, मामांचा सख्खा भाचा. पुढच्या महिन्यात अध्यक्षाची निवड आहे, आणि कृष्णमूर्ती जिकडे, भजनं म्हणणारी निम्मी माणसं तिकडे. एकदा ते व्याही झाले की मामांची खुर्ची त्यांच्या श्राद्धापर्यंत हलत नाही. कृष्णमूर्तींनी तर डोळे पुसले. "आता तूच बघ रे बाबा," म्हणाले. पुढ्यात पायसम, हातात कुंडली. मी पायसम प्यायलो.

संध्याकाळी मामांच्या पायरीवर उभा राहून मी सांगितलं की लाह्यांनी कोणी भाऊ होत नसतो.

"अग्नीसमोर झालंय, बाळ," मामा म्हणाले. "कॉलेज अर्धवट टाकलंस, निदान नातं तरी पुरतं कर."

मी त्यांचं धोतर त्यांच्याच झोपाळ्यावर ठेवून आलो. बाबा म्हणतात जाऊन माफी माग. मी मागणार नाही. मामांचा मठ नाही, मामांचा देव नाही, आणि त्यांच्या लाह्यांनी बनलेलं नातं मी मानत नाही. तुझ्याकडे काही मागायला हे पत्र लिहीत नाही. घरातल्या मोठ्या माणसाला कळावं, एवढंच.

तुझा,
त्रिविक्रम

ता. क. लिहून झाल्यावर श्रीविद्येच्या औषधाच्या दुकानात जाऊन आलो. (मला डोकेदुखीची गोळी हवी होती. खरंच हवी होती.) ती म्हणाली, होमाचा धूर झाला तेव्हा सगळ्यांनी डोळे मिटले, तू सगळ्यांत घट्ट मिटलेस. मी ओंजळ अग्नीवर नेली, म्हणाली, पण उघडली नाही. मग गल्ल्यामागून औषधाची पुडी काढून दाखवली. आत लाह्या. वर रोजच्या सवयीनं लिहिलेलं, "जेवणानंतर". मी म्हटलं, तुला मामांचा डाव कळला होता तर मला का नाही सांगितलंस. "तुला सांगितलं असतं तर तू झांजांची पेटी फोडली असतीस," म्हणाली. "तुझं अर्धवट सोडणं सगळ्यांना दिसतं. माझं एकदा तरी कामी येऊ दे."

ता. क. २. आज पाच वाजता समितीसमोर ती स्वतः ती पुडी ठेवणार आहे. लाह्या अग्नीत पडल्या नाहीत म्हणजे देवाचं लग्न लागलं नाही. ते पुन्हा लावावं लागेल. तिला बोल लागेल, हे तिला ठाऊक आहे. मला एकच ताकीद आहे, की तोंड उघडायचं नाही.

ता. क. ३. तर आत्या, मागणं आहे. लग्न पुन्हा लागेल तेव्हा मला तुमच्या वऱ्हाडात घे. छत्री धरीन, दिवटी धरीन, काकांच्या चपला सांभाळीन, पण वराकडून येईन. मठातला वरपक्ष तुझ्या सासऱ्यांच्या आधीपासून तुमचंच घर, हे मामासुद्धा नाकारणार नाहीत. कुंडली वरपक्षाकडे पोचती कर, असं त्यांनीच माइकवर सांगितलंय. म्हणून पोचती करतोय; याच पाकिटात आहे. (तिला विचारूनच घातली. "घाल," म्हणाली, आणि गोळीचे पैसे घेतले.) माझी तुझ्याकडे आहेच. दोन्ही शेजारी ठेवून बघ.

ता. क. ४. पावणेपाच. कुठे निघालास, म्हणून बाबा विचारताहेत. मामांनी मठात पाऊल ठेवायला बंदी केलीय तुला, म्हणताहेत. पत्र पेटीत टाकून तिथंच जाऊन उभा राहतो, न बोलता. बाबा अजून काहीतरी म्हणताहेत. दार ओढून घेतो.