पत्र आधी, पेटी नंतर

ता. १४ मे

प्रिय ताई,

तुला आणि भावोजींना नमस्कार, चिमणीला पापा. मी बरा आहे. वेळेवर जेवतो. केस कापलेत, हे खास तुझ्यासाठी लिहितोय.

बसच्या ड्रायव्हरने पेटी दिली असेल. उघडायची घाई करू नकोस, आधी हे वाच. पेटीला लवंगेच्या तेलाचा वास येईल, कारण ती दातांच्या डॉक्टरांची आहे. आमच्या सर्कशीतल्या विदूषकाची दाढ काढायला मी त्याला घेऊन गेलो, तर डॉक्टरांच्या एका हातात पकड आणि दुसऱ्यात रेडिओचा माइक. हौशी रेडिओवाले आहेत ते. विदूषक बोंबलत होता आणि पलीकडून कुणीतरी विचारत होतं, तिकडे सगळं ठीक आहे ना? मी तिथेच चिकटलो. विदूषक बिचारा सुजलेला गाल धरून एकटा परत गेला.

असो, पेटी. आत लहान रेडिओ आहे, बॅटरी, ती उन्हात भरायची पाटी, गुंडाळलेली तार आणि वाळू भरलेला मोजा. मोजा दोरीला बांधून झाडावर फेकायचा, म्हणजे तार वर ओढता येते. धुतलेला आहे, नाक मुरडू नकोस. तार फार उंच नको. आवाज सरळ वर जातो आणि आभाळातून डोंगराच्या पलीकडे उतरतो. कसा, ते मला विचारू नकोस. रेडिओ परवान्याच्या परीक्षेत विचारलं होतं तेव्हा येत होतं. हो, मी पास झालो. शाळेत गणिताने लोळवलेला तुझा भाऊच.

गेल्या वादळात टॉवर पडला, फोन मेले आणि सुतारणीच्या बाळंतपणात तू आरोग्य उपकेंद्रात एकटी नर्स होतीस. मोठ्या डॉक्टरांना एक शब्द विचारायची सोय नव्हती. दोघं वाचली, गावाने तुझं कौतुक केलं. आई म्हणते, त्यानंतर महिनाभर तू जेवताना बोलत नव्हतीस. तेव्हाच ठरवलं, पुढच्या वादळाआधी ही पेटी तुझ्या टेबलाखाली पोचली पाहिजे. मी ठरवलं म्हटल्यावर आईला हसू आलं. तिचंही बरोबर आहे.

आता जे टाळत होतो ते. मी तुझ्या गावाखाली येऊन गेलो. एकदा नाही, दोनदा. नदीच्या पात्रातून तुझ्या उपकेंद्राचे पत्रे दिसत होते, वाळत घातलेल्या चादरीसुद्धा. पहिल्या वेळी तार बांधली, हाका मारल्या, डॉक्टरांकडून उत्तर नाही. मुकी पेटी घेऊन तुझ्या दारात यायला पाय उचलला नाही. झालं होतं असं, की तारेची लांबी मी डॉक्टरांच्या गच्चीत लोखंडी कठड्याला खेटून जुळवली होती. लोखंडाच्या संगतीत ती छान चालायची, मोकळ्यावर नेली की बिनसायची. मी ती वीतभर जास्तच छाटली होती. तुकडा जोडून पुन्हा आलो. या वेळी डॉक्टरांचा आवाज आला, स्वच्छ. म्हणाले, पेशंट खुर्चीत आहे, लवकर बोल.

मग तुझ्याकडे वर का आलो नाही? तर डॉक्टरांकडून पेटी एकदा तपासून घेऊन मगच यावं म्हटलं. मी नाचतच परत गेल्यावर ते हात धूत म्हणाले, "पेटीचं कौतुक पुरे. तुझी ताई हाक मारेल तेव्हा इकडे कोण बसलेलं असेल?"

मी म्हटलं, तुम्ही आहात की.

"मी संध्याकाळी कुलूप लावून घरी जातो. वादळ माझ्या वेळा बघून येत नाही."

त्या आठवड्यात सर्कस पुढच्या मुक्कामाला निघणार होती. मॅनेजरने दोनदा निरोप धाडला, दिवे कोण लावणार. तूच म्हणायचीस ना, याच्या पायाला भिंगरी आहे. ताई, सर्कस गेली. मी रस्त्यापर्यंत जाऊन हत्तीच्या गाडीला हात दाखवला. हत्ती कापडाचा आहे, पण जीव लागला होता.

दवाखान्यावरची खोली आता माझी. खाली जनरेटर आणि खुर्च्यांची दुरुस्ती मीच बघतो. तार कठड्यापासून लांब बांधलीये. तुझी हाक आली की इथल्या फोनवरून मोठ्या डॉक्टरांना गाठीन आणि ते सांगतील ते तुला कळवीन.

पुढच्या परीक्षेला तुझं नाव घातलंय. चिडू नकोस. जिवावर बेतलं तर परवान्याची वाट बघायची नाही, लाल खूण केलेलं बटण दाबून बोलायचं. एरवी मात्र परवाना येईपर्यंत तुला फक्त ऐकता येईल. रोज संध्याकाळी सातला. आजवर तू बोलायचीस आणि मी पळायचो, आता बोलायची पाळी माझी. तू पेटी उघडलीस की तशीच टेबलाखाली सरकवलीस, मला इकडे कळायचं नाही. तरी बोलणार.

रात्री झोपही याच खोलीत, रेडिओ उशाशी आणि चालू.

इथेच असलेला,
तुझा भाऊ