कल्पनेतल्या दारात

ॲन आर्बर, २ फेब्रुवारी १९८६

प्रिय नंदोबास,

साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, खरा घातला तर उठवायला दोन माणसं लागतील). तुझे गुडघे काय म्हणतात? सरलावहिनींना नमस्कार सांग.

माझ्या पार्किन्सन्सचं तुला ठाऊकच आहे. आता डॉक्टरांनी मला रिलॅक्सेशनच्या वर्गाला घातलंय. (अठ्ठावन्नाव्या वर्षी, चर्चच्या तळघरात, स्वस्थ बसायला शिकतोय.) पहिल्याच दिवशी शिकवणारी बाई म्हणाली, मूठ घट्ट आवळा, आता सैल सोडा. आवळली. तिच्यात शेजारच्या वॉल्टरची बाही आली आणि मूठ काही सुटेना. वॉल्टर निवृत्त बसड्रायव्हर, आजार हाच, त्यामुळे त्यालाही हात ओढून घेता येईना. वर्ग संपला, लोक कोट चढवून गेले, आम्ही आपले तसेच. तो म्हणाला, "सावकाश होऊ दे, प्रताप. मला कुठे जायचं नाहीये."

दारात आलो की माझे पाय जमिनीला चिकटतात. त्यावर बाईंचा उपाय असा की डोळे मिटायचे, आवडत्या जागी जायचं आणि मनात चालून बघायचं. मनात जमलं की पायांना जमतं. मी नागपूरला गेलो. फाटक झालं, अंगण झालं, आणि उंबऱ्याशी पाय चिकटले. कल्पनेतसुद्धा, नंदू. आई आतून "आलास का रे" म्हणतेय आणि मी दारात. (व्हिसा नाही, सामान नाही, तरी ही गत.) डोळे उघडल्यावर बाईंनी विचारलं, कसं वाटलं? मी म्हटलं, ब्यूटिफुल. घरी येऊन एप्रिलचं तिकीट कॅन्सल केलं. आईच्या ऐंशीव्या वाढदिवसाला आता तुम्हीच जा.

तुझा,
प्रताप

ता.क. आईला तारेने कामाचं कारण कळवलंय. आजाराचं तिला अजून माहीत नाही. पण माझं अक्षर हल्ली मुंगीएवढं होतं, ते ती लगेच पकडेल. शाळेत एका बाकावर बसून तू माझ्या वह्या लिहायचास, मास्तरांनाही कळायचं नाही. तशी वर्षभराची दहा-बारा पत्रं माझ्या नावाने लिहून इकडे पाठव, उत्तरा इथून पोस्टात टाकेल. (बर्फाची तक्रार करत जा, की झालं.)

ता.क. नंदूभावजी, मी उत्तरा. पत्र ह्यांनी सांगितलं, मी लिहिलं. सांगताना ह्यांचा चेहरा जरासुद्धा हलला नाही. ह्या आजारात आता तो हलत नाही. शेवटी मला विचारलं, "नंदू हसेल ना?" मी हो म्हणाले. हसलात की नाही, तेवढं ह्यांना कळवा.