पंधरा जीबीतले काका

गंगापूर रोड, नाशिक
५ जानेवारी २०२६

ती. सावळीरामकाकांना वेदिकाचा शि. सा. न.

फोनवर तुम्ही हो हो करून ठेवून देता, म्हणून हे पत्र तुमचा झेंडू नाशिकला आणणाऱ्या झुंबरच्या गाडीत, रिकाम्या क्रेटमधून पाठवतेय. दसऱ्याला तुमच्या नव्या फोनला मीच शहाणपणा करून माझं ईमेल खातं जोडलं ना, त्या खात्यातली पंधरा जीबी जागा तुडुंब भरलीय. नवीन मेल येतच नाही. बियाण्यांच्या कंपनीनं पाठवलेलं माझं नेमणूकपत्र परत गेलं! शुक्रवारी ते शेवटचं पाठवणार आहेत.

मी माझे गोव्याचे सगळे फोटो पुसले, काडीचा फरक नाही. यादी पाहिली तर एक्केचाळीस लांबलचक व्हिडिओ, सगळे तुमच्या फोनवरून आपोआप येऊन साठलेले. न विचारता उघडले नाहीत. काका, वणीत सिनेमा काढताय की काय?

काकूला नमस्कार. लोभ वाढूच द्या, व्हिडिओ तेवढे कमी करा.

तुमची,
वेदिका

वणी
७ जानेवारी

चि. सौ. कां. वेदिकास अ. उ. आ.

पोरी, तुझं पत्र वाचलं अन् तोडणी तशीच टाकून लिहायला बसलो. सिनेमा कसला, मंगलाष्टकं! तुझ्या लग्नात म्हणायला मीच रचलीत. तुझा बाप असता तर त्यानंच म्हटली असती; दादाचा आवाज लय गोड. तो नाही, म्हणून मी. झेंडू तोडून झाला की फोन क्रेटवर उभा करायचा अन् म्हणायचं. पण दादाचं नाव येतं त्या ओळीला गळा दाटतो, मग पुन्हा पहिल्यापासून. तुझी काकू म्हणते, आता झेंडूलाही पाठ झालं असेल.

माझ्या हौसेपायी तुझी नोकरी जाणार असेल तर आग लागो त्या हौसेला. आज एक्केचाळीसच्या एक्केचाळीस पुसून टाकले. मांडवात भटजीच म्हणतील. चारचौघांत रडलो तर शोभा व्हायची. विषय संपला.

क्रेटमध्ये मेथी अन् गवार ठेवलीय. आशीर्वाद तर कायमचाच, त्याला जागा लागत नाही.

सावळीरामकाका

नाशिक
१० जानेवारी

ती. काकांना शि. सा. न.

विषय मुळीच संपलेला नाही. पुसलेलं लगेच जात नाही काका, महिना-दोन महिने खात्याच्या कचरापेटीत पडून राहतं आणि जागाही अडवून बसतं. माझे गोव्याचे फोटोही तिथेच लोळत होते! पेटी रिकामी करायला गेले, तर तुमचे व्हिडिओ दिसले. या वेळी न विचारता उघडले. सगळे पेनड्राइव्हवर घेतले, मगच पेटी रिकामी केली. काल नेमणूकपत्र आलं. आईनं लगेच देवापुढे साखर ठेवली.

आई आणि मी, दोघींनी एक्केचाळीसही पाहिले. तेविसाव्यात वासरू फोन चाटतंय, तिसाव्यात काकू चहा गार झाला म्हणून ओरडतेय. हसून हसून पोट दुखलं, आणि बाबांचं नाव आलं की दर वेळी रडलो. एकदाच, एकोणचाळिसाव्यात, तुम्ही ती ओळ ओलांडलीत, म्हणून पुढची मला कळली.

मंगलाष्टकं तुम्हीच म्हणायची. त्या ओळीला गळा दाटला तर खुशाल थांबा. पुढची मला पाठ झालीय. अंतरपाटामागून मी म्हणेन.

तुमची आणि तुमच्या दादांची,
वेदिका