विळीची भरपाई

प्रिय गंधार,

तुझं पार्सल मिळालं आणि माझं डोकं फिरलं. नारळ खवायची नवी विळी, तीही स्टीलची, आणि पाटाला चिकटवलेली चिठ्ठी: 'नुकसानभरपाई'. सख्ख्या भावाच्या घरात हा शब्द? ट्रकने म्हैस उडवली की मिळते ती भरपाई. सत्तावीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवतोय, घरातला एक विद्यार्थी मात्र कोराच राहिला. 'परिमार्जन' लिहायचं होतंस. त्यात पुसून काढणं असतं, आणि पुसायला माणसाला स्वतः वाकावं लागतं. ते कुरिअरने होत नाही.

शिवाय जुनी विळी काही मेली नव्हती. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी तू तणतणत निघालास, बॅगेचा धक्का लागून ती पडली आणि दाते वाकले, एवढंच. मी लोहाराकडून ठोकून आणली. तिरकी खवते, पण खवते. तुझ्या वहिनीने नवी सरळ माळ्यावर टाकली आणि मलाच विचारलं, "खवणी इली, पण भावजी खंय आसत?" विळी मोडलीस तू, बोलणी खायची मी!

बोलण्याला कारण आहे म्हणा. जत्रेचं गाऱ्हाणं मी घालतो. मुंबईपासून मस्कतपर्यंत पांगलेल्या गावच्या पोरांची नावं घेऊन देवाला 'सांभाळ' म्हणतो, आणि गाव 'होय महाराजा' म्हणतो. यंदा तुझं नाव आलं नाही, आणि तू समोर उभा होतास. विसरलो, असं मी सगळ्यांना सांगितलं. सगळी सूक्तं पाठ असलेला माणूस भावाचं नाव विसरतो, यावर अख्ख्या गावात एकट्या धोंडू गुरवाने विश्वास ठेवला. मी विसरलो नव्हतो. दोन वर्षं तू गणपतीला आला नाहीस, त्याचा राग होता.

काल दीपिकाचा फोन आला. 'दादाला कळवू नकोस' ही नवऱ्याची ताकीद मोडून तिने सांगितलं, मंगळवारी तुझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. शहाणी आहे ती, तुझ्यापेक्षा पुष्कळ. आज सकाळी देवळात जाऊन एकट्या तुझ्यासाठी गाऱ्हाणं घातलं: 'बा देवा महाराजा, माझ्या भावाक सांभाळ.' 'होय महाराजा' म्हणायला धोंडूच तेवढा होता. गावभराच्या आवाजात म्हणाला बिचारा.

शब्दांचा कीस पुरे झाला. सोमवारी मी पोचतोय, नको म्हणू नकोस. जत्रेला तुझं नाव गाळलं म्हणून हे झालं, असं माझ्या मनातून जात नाही रे. मला भीती वाटते.

तुझाच,
दादा